सोलापूरपर्यंतची सोबत

वकिलांनी स्वतःच्या हातांनी चटई झटकली, शिडाच्या सावलीत अंथरली आणि तिच्यावर आपली उशी ठेवली.

"बसा, श्रीमंतराव. ही जागा तुमची."

श्रीमंत उभाच राहिला. मचव्यात सावलीची जागा तेवढी एकच होती, आणि हळदीपूर वकील साठीला आलेले, डोक्यावर केस औषधालाही नाहीत. तुम्हीच बसा, असं तो दोनदा म्हणाला. पण वकिलांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं आणि स्वतः डोक्यावर पंचा टाकून काठाच्या फळीवर जाऊन टेकले.

"सरहद्दीवर जीव धोक्यात घालणाऱ्या माणसाला आम्ही उन्हात बसवायचं होय? चार दिवस विश्रांतीला आला आहात, आता काही बोलू नका."

श्रीमंतला लाज वाटली, खरंच वाटली. पण लाज वाटली म्हणून काही तो उठला नाही. सावली फार बरी होती.

मचवा कारवारच्या धक्क्यापासून सुटला तशी खाडी रुंदावत गेली. लोहाऱ्याजवळच्या गावात वाढलेल्या श्रीमंतने पाणी पाहिलं होतं ते आडातलं, नाहीतर पावसाळ्यात चार दिवस वाहणाऱ्या ओढ्यातलं. इथे पाण्यातून हिरव्यागार टेकड्याच वर आल्या होत्या. एक बेट मागे पडलं की दुसरं पुढे यायचं, त्याच्या आडून तिसरं डोकावायचं. काठाशी पांढऱ्या वाळूची पट्टी आणि वर माडांची गर्दी. दरवर्षी चैत्रात, समुद्र शांत असतो तेव्हा, वकील एक मचवा ठरवत आणि बायकोला घेऊन तीन-चार दिवस या बेटांमधून हिंडत. बेटावर उतरायचं, तिथेच चूल मांडायची, मुक्काम करायचा, की पुढच्या बेटाकडे. या वर्षी त्यांनी श्रीमंतलाही बोलावलं होतं.

बोलावलं त्याला कारण विरुपाक्ष. विरुपाक्ष हा श्रीमंतचा उमरग्याच्या शाळेतला सोबती, आता कारवारात एका लाकडाच्या वखारीत कारकून. निजामाच्या मुलखात ते वर्ष मोठं वाईट होतं. रझाकारांची धामधूम चालली होती, गावंच्या गावं धास्तावलेली होती आणि तरणी पोरं रातोरात सरहद्द ओलांडून लढ्याच्या कॅम्पात दाखल होत होती. अशा वेळी श्रीमंत एका सकाळी विरुपाक्षाच्या दारात उभा राहिला, आणि विरुपाक्षाने कसलीही चौकशी न करता त्याला घरात घेतलं. पण गाव काही चौकशी केल्याशिवाय राहत नाही. पाहुणा कोण, असं वकिलांनी विचारल्यावर विरुपाक्षाने पदरचं सांगून टाकलं: कॅम्पातला आहे, दम खायला आलाय. श्रीमंत तेव्हा शेजारीच उभा होता. त्याने पायातल्या वहाणेचा अंगठा नीट केला आणि गप्प बसला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. पण ही मूठ त्याची स्वतःची नव्हती आणि आत काहीच नव्हतं.

आता वकील त्याच्याकडे वळून विचारत होते, "बंदुका किती आहेत हो तुमच्याकडे?"

"ते सांगायची बंदी आहे," श्रीमंत म्हणाला.

"बरोबर आहे, बरोबर आहे." वकिलांना आपणच काहीतरी आगळीक केल्यासारखं वाटलं. त्यांनी डब्यातला सगळ्यात मोठा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला.

त्यांच्या पत्नी उमाबाई मागच्या बाजूला पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचे गुडघे धरलेले. पायांशी एक म्हातारी बसली होती आणि तेलाचा हात गुडघ्यावरून खाली पोटरीपर्यंत सावकाश नेत होती. रापलेली, हाडकुळी, हिरवं लुगडं आणि कपाळभर गोंदण. तिला या खाडीचं काही कौतुक नसावं, कारण तिने एकदाही वर पाहिलं नव्हतं. तिने वर पाहिलं ते श्रीमंतमुळे. कुठलंसं मोठं बेट समोर आलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आगागा, लई मोठं हाय की." वकिलांशी तो पुस्तकी बोलायचा, ही घरची बोली चुकून निसटली. म्हातारीचा हात गुडघ्यावर थांबला आणि ती त्याच्याकडे बघत राहिली.

पहिला मुक्काम पडला तो गोड्या पाण्याची विहीर असलेल्या बेटावर. खलाशांनी वाळूत तीन दगड मांडून चूल केली, तांडेलाने मासे साफ करायला घेतले. ऊन उतरलं होतं. वकील, उमाबाई आणि श्रीमंत चटईवर बसले होते. म्हातारी हात पुसत आली आणि थोडं अंतर राखून उकिडवी बसली.

"दादा, तुमी कुण्या गावचे?"

"लोहाऱ्याजवळचा."

"आई गं," ती म्हणाली आणि तिने पदर तोंडाशी नेला. "म्या अणदूरच्या अलीकडची. खंडोबाचं देऊळ ठावं हाय न्हवं?"

"म्हणजे काय, ठाऊक आहे की."

"आपल्या मुलकाचं बोलणं कानावर पडून सा म्हयनं झालं, दादा. हितं बाईसाबांबिगर कुणाचं काय कळत न्हाय, माझं कुणाला कळत न्हाय."

उमाबाईंनी हसून सगळी हकीकत सांगितली. ही हरणाबाई, जातीची धनगर. गावात जाळपोळ झाली तेव्हा मेंढरं शेजारच्या खैरुनबीच्या हवाली करून ती सोलापुरात आली. तिथे उमाबाईंची मुलगी दिलेली. तिने हिचा तेल चोळायचा हात पाहिला आणि आईच्या गुडघ्यांसाठी इकडे आणून सोडलं. गुण असा आला, की आता हिच्यावाचून उमाबाईंचं पान हलत नाही. हिचा एकुलता एक मुलगा दिवाळीच्या सुमाराला कॅम्पात गेला. कुठल्या कॅम्पात, ते कुणालाच माहीत नाही.

"रोज म्हणते, मला धाडा," उमाबाई म्हणाल्या. "पण धाडायचं कुठे? सरहद्द काय इथून तिथे आहे? मी म्हटलं, ठिकाण कळू दे, मग पाठवू. यांनी शब्दच दिलाय तिला."

"दिलाय," वकील म्हणाले.

हरणाबाई सरकत पुढे आली. "बिराप्पा नाव त्याचं. तुमास्नी दिसला का वो कुठं?"

कॅम्प पुष्कळ आहेत मावशी, सगळी पोरं कशी ठाऊक असणार, हे उत्तर श्रीमंतच्या ओठांवर होतं. सरळ, साधं उत्तर. त्यात कुणाचं नुकसान नव्हतं आणि खोटंही नव्हतं. तेवढ्यात वकील म्हणाले, "श्रीमंतरावांना ठाऊक नसेल असं कसं होईल?" आणि तिघेही त्याच्या तोंडाकडे बघू लागले. दिवसभर सावलीत बसलेला, सगळ्यात मोठा लाडू खाल्लेला माणूस, त्याला एकदा तरी कामी यावंसं वाटलं.

"बिराप्पा ना?" तो म्हणाला. "आहे की. दुधनीला आहे."

दुधनी हे नाव त्याला का सुचलं, ते त्याचं त्यालाच माहीत. माघात गावातून चौघेजण निघाले होते. रात्री चालायचं, दिवसा उभ्या ज्वारीत पडून राहायचं, असं करत ते सरहद्दीपार दुधनीच्या स्टेशनापर्यंत आले. कॅम्पाची वाट तिथून फुटत होती. तिथे श्रीमंतच्या पोटात कळ आली. निदान तसं तो म्हणाला. "तुम्ही व्हा पुढं, म्या मागनं येतो." त्याचा जिवलग दगडोबा, त्याने आपल्या कनवटीची ओव्याची पुडी काढून त्याच्या हातात दिली. चावून खा, वर पाणी पी, म्हणाला. तिघे दिसेनासे झाल्यावर श्रीमंत फलाटावर बसला आणि समोरच्या पाटीवरचं नाव वाचत राहिला. गाडी आली. तो शेपूट घालून सोलापूरच्या डब्यात चढला. पुडी अजून त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती. टाकवतही नव्हती आणि खाववतही नव्हती.

हरणाबाई उठली, आपल्या गाठोड्यापाशी गेली आणि गुळाचा खडा घेऊन आली. तांब्याभर पाणी आणि तो खडा तिने त्याच्यापुढे ठेवला. लांबून चांगली बातमी घेऊन आलेल्याला त्यांच्याकडे असंच गूळ-पाणी देतात.

"खावा, दादा."

त्याने खाल्ला. वर तांब्यातलं पाणी प्यायला. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. वकिलांनी मात्र डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मचवा दीपगृहाच्या बेटाला वळसा घालून निघाला. वारा मनासारखा होता. तांडेलाने बोट दाखवलं तिकडे काळ्याशार पाठीचे मोठाले मासे पाण्याबाहेर उसळी घेत होते आणि पुन्हा बुडत होते, सहा-सात तरी असतील. उमाबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवू लागल्या. श्रीमंतही घटकाभर सगळं विसरला. असं काही जगात असतं, हे गावाकडे सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही, असं त्याला वाटलं. मग आठवलं, की गावाकडे हे सांगायची सोयच उरलेली नाही. तू तेव्हा कुठे होतास, असं कुणी विचारलं, तर मासे बघत होतो म्हणून सांगणार होता की काय?

हरणाबाई मासे बघत नव्हती. उमाबाईंचा पाय मांडीवर घेऊन ती त्याच्याकडे बघत होती.

"दादा, अंगानं कसा हाय त्यो?"

"जरा बारीक झालाय." कुठल्या आईला आपला मुलगा बारीक झालेला पटत नाही? इथे धोका नव्हता.

"खायाला मिळतं का?"

"मिळतं. भाकरी, कालवण. आसपासच्या गावचे लोक आणून देतात."

"झोपाया?"

"गवताच्या झोपड्या आहेत." आता त्याला जरा हुरूप आला. खोटं बोलायचंच, तर चांगलं तरी बोलावं. नुसत्या भाकरी-कालवणावर आईचं पोट भरत नाही, काहीतरी डोळ्यांपुढे उभं राहील असं सांगावं. "आधी मी त्याला ओळखलाच नाही. डोकं भादरलंय ना. उवा झाल्या होत्या सगळ्यांनाच. एका न्हाव्याला धरून आणलं आणि रांगेनं सगळ्यांची डोकी केली. उन्हाळ्याचं बरं वाटतंय, म्हणत होता बिराप्पा."

उमाबाई हसल्या. वकीलही हसले.

हरणाबाईचा हात थांबला होता. "वस्तारा लावला?"

"लावला की. सगळा गुळगुळीत."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि तेलाच्या वाटीत बोटं बुडवून पुन्हा गुडघ्यावरून हात फिरवू लागली. त्यानंतर तिने त्याला एकही प्रश्न विचारला नाही. तिचं समाधान झालं, असं श्रीमंतने धरून चाललं. सुटलो, असंही वाटलं.

सुटका कसली! तिसऱ्या दिवशी ते ज्या बेटावर उतरले तिथे जुन्या तटाचे दगड पडलेले होते आणि वर झाडीत देऊळ होतं. दर्शन घेऊन सगळे खाली आले, केळीच्या पानांवर जेवणं झाली. वकिलांनी हात धुतला आणि खाकरून बोलायला सुरुवात केली, कोर्टात उभे राहिल्यासारखी.

"मी ठरवलंय. हरणाबाईला पाठवायचं."

उमाबाईंचा चेहरा पडला. "आत्ताच? आता कुठे माझा पाय वाकायला लागलाय."

"पाय आणखी महिन्याने वाकेल. ती आई आहे. आपण शब्द दिला होता, ठिकाण कळू दे म्हणून. आता कळलं. आणखी काय पाहिजे?"

"पण एकटी बाई जाणार कशी?"

"एकटी कशाला? श्रीमंतराव परत कॅम्पात जाणारच आहेत. त्यांच्यासारखी सोबत शोधून सापडायची नाही. परवा कारवारहून मोटारीने हुबळी, तिथून रेल्वेने सोलापूर, आणि पुढे थेट दुधनी. काय श्रीमंतराव?"

श्रीमंतच्या हातात सोललेलं केळं होतं. ते त्याने पानावर ठेवलं.

"मी... अजून काही दिवस..."

"तुमचं मन तिकडे ओढत असणार, कळत नाही का मला? विरुपाक्ष म्हणतो, रात्री झोपेत दचकून उठता. इथे तुम्हाला चैन पडत नाही."

तो दचकून उठत होता, हे खरं होतं. दर वेळी एकच स्वप्न, की तिघे जण फलाटावर परत आलेत आणि त्याला शोधताहेत. पण हे वकिलांना सांगणार कसं? सरहद्द, कॅम्प, रात्रीचे हल्ले, हे सगळं चुकवायला तो एवढ्या लांब, पार जमीन संपते तिथवर पळाला होता. आणि आता त्याच्याच तोंडच्या गोष्टीने त्याला बखोटीला धरून परत दुधनीच्या वाटेला लावलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याने हरणाबाईकडे पाहिलं. ती आनंदाने रडेल, वकिलांच्या पाया पडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त मान खाली घातली आणि उष्टी पानं गोळा करायला लागली.

त्या संध्याकाळी खाडीवर जे रंग उतरले ते बघायला वकिलांनी त्याला मुद्दाम तटावर नेलं. समोर बेटांची रांगच्या रांग, एकापेक्षा एक फिकी होत गेलेली. वकील बोलत होते, श्रीमंत हं हं करत होता. त्याला एवढंच दिसत होतं, की मधे पाणी आहे आणि आपल्याला पोहता येत नाही.

सकाळी परत फिरायचं होतं. खलाशी सामान चढवत होते. हरणाबाई पाण्याच्या काठाला भाताचं पातेलं वाळूने घासत बसली होती. श्रीमंत चालत तिच्यापाशी गेला आणि उभा राहिला. रात्रभर त्याने ठरवलं होतं, की हिच्यापाशी खरं बोलायचं. आपण पश्चात्तापाने बोलणार आहोत, असं तो स्वतःला समजावत आला होता. पण तिथे पोचल्यावर त्याला नीट कळून चुकलं, की पश्चात्ताप थोडा आणि भीतीच जास्त आहे. हिला खरं कळलं, तर ही आपल्यासोबत यायची नाही. ही आली नाही, म्हणजे आपल्याला जावं लागणार नाही. एवढा साधा हिशेब होता. त्याचीही त्याला लाज वाटली. तरी तो बोलला.

"मावशी, म्या कॅम्पात न्हवतो."

पातेलं घासायचा आवाज चालूच राहिला.

"दुधनीच्या टेसनावरनं पळालो म्या. संगतीची पोरं फुडं गेली, म्या गाडीत बसलो. तुमचा बिराप्पा म्या बघितला न्हाय. कवाच न्हाय."

"म्हाईत हाय," हरणाबाई म्हणाली.

"काय म्हाईत हाय?"

"त्याच्या डोईचं बोललात न्हवं तुमी, तवाच कळलं. माझी पयली दोन लेकरं ऱ्हायली न्हाईत. ह्यो पोटात हुता तवा बिरोबाला बोलले, जगला तर केस तुझं. जलमापास्नं त्याच्या डोईला वस्तारा लागला न्हाय. हितपतूर केस हाय त्याचं." तिने वाळूने भरलेला हात कमरेशी नेला. "जीव देईल, पर केसाला हात लावू द्यायचा न्हाय त्यो."

देवाला सोडलेले केस काय असतात, हे श्रीमंतला लहानपणापासून ठाऊक होतं. गावात धनगरवाड्यात अशी दोन पोरं होती. इकडे येऊन तीन महिने झाले नाहीत तर आपल्या मुलखातली एवढीशी गोष्टही त्याला सुचू नये?

"मग तवाच का न्हाय बोललात? सगळ्यांम्होरं माझं तोंड काळं केलं असतं, तर बरं झालं असतं."

"तुमचं तोंड काळं करून माझं काय हुणार हुतं?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने पातेलं पाण्यात बुडवून विसळलं. "दिवाळीपास्नं म्हणत्यात, ठिकाण कळलं की धाडतो. वाईट न्हाईत माणसं. पर ठिकाण कोण सांगंना, आन् ह्यांचा गुडगा काय ऱ्हाईना. म्या हितनं निघू कशी? सोलापूर कुणीकडं ते ठावं न्हाय. हितली बोली येत न्हाय. तुमी ठिकाण सांगितलंत."

"खोटं हाय ते, मावशी."

"त्यो तिथं हाय, हे खोटं. दुधनी तर खरी हाय न्हवं? तिथनं हुडकीन म्या. ह्या कॅम्पात न्हाय तर त्या कॅम्पात. एवढ्या केसांचा पोरगा, कुणीतरी बघितलाच असंल."

मचव्यावरून तांडेलाने हाक मारली. हरणाबाई पातेलं घेऊन उठली. श्रीमंत तिच्या वाटेत उभा होता.

"मावशी, मला जमायचं न्हाय. तुमीच बाईसाहेबांना सांगा, मला ह्याच्यासंगं जायाचं न्हाय म्हणून. दुसरं कुणी देतील ते."

आता तिने पहिल्यांदाच त्याला डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहिलं. एखादं कोकरू बाजारापर्यंत चालेल की वाटेत बसेल, हे धनगर बघतात तसं.

"भ्या वाटतं?"

त्याने मान डोलावली. तिने शिव्या दिल्या असत्या, तर त्याला चाललं असतं. तिने कमरेचा पदर सोडून आपला ओला हात पुसला आणि मग तो त्याच्या दंडावर ठेवला.

"मग सोलापूरपतूर चला. तिथवर काय भ्या न्हाय. फुडं म्या जाते."

मचवा निघाला. वारा उलटा होता, म्हणून खलाशी वल्ही मारत होते. वकिलांनी चटई याही वेळी सावलीत अंथरली. श्रीमंत तिच्यावर बसला नाही, उन्हात काठाला टेकून राहिला. वकिलांना वाटलं, माणूस परत जायच्या तयारीला लागला, अंगाला सवय करून घेतोय. तसं ते उमाबाईंना कौतुकाने म्हणालेही. बेटं एकेक करून मागे सरकत होती आणि लांबवर कारवारची कौलं दिसायला लागली होती.

गुडघ्यावर फिरणारा तो हात उद्यापासून नसणार, हे उमाबाईंना सोसत नव्हतं. त्यांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"हरणाबाई, तुमच्या धनगरांत बिराप्पा हे नाव घरोघर असतं म्हणतात. हा दुसराच कुणी निघाला म्हणजे? उगाच एवढ्या लांब जाशील, आणि तिथे भलताच मुलगा समोर येईल."

वकीलही विचारात पडले. "हा मुद्दा आहे खरा," ते म्हणाले.

श्रीमंतच्या लक्षात आलं, आता नुसतं गप्प राहिलं, किंवा सांगता येत नाही एवढंच म्हटलं, तरी सगळं आपोआप मोडणार होतं. खोटारडा ठरल्याशिवाय, घाबरट ठरल्याशिवाय. सोलापूरसुद्धा टळलं असतं. इतकी सोपी वाट त्याला दुधनीच्या फलाटावरही मिळाली नव्हती.

"त्योच हाय, बाईसाब," हरणाबाई म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती, हात चालूच होता. "ह्यांनी डोईवरनं वळखला त्याला. आमच्या बिराप्पाच्या डोईचं ह्यांनी सांगितलं, ते दुसऱ्या कुणाचं असायचं न्हाय."

"असं?" उमाबाई श्रीमंतकडे वळल्या. "नक्की ना हो? तुम्ही म्हणत असाल, तरच मी सोडते हिला."

वल्ह्यांचा आवाज येत होता. हरणाबाई खाली बघत होती. तिने त्याला खूण केली नाही, की गळ घातली नाही.

"नक्की," श्रीमंत म्हणाला. "तोच आहे. डोक्यावरनंच ओळखला."

"मग झालं तर," वकील म्हणाले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "उद्याच्या मोटारीचं मी आजच सांगून ठेवतो. दोघांचं."

हरणाबाईने उमाबाईंचा दुसरा पाय मांडीवर घेतला आणि वाटीतलं उरलेलं सगळं तेल त्याला चोळायला सुरुवात केली.